विश्लेषण : एकाच नावाचे दोन गेम, गोंधळ दुकानाचा, भुर्दंड गिऱ्हाइकाचा

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ या गेमने धुमाकूळ घातला होता. ८ फेब्रुवारीला तो बाजारात आला आणि खेळणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली की कंपनीचे सर्व्हर अपुरे पडू लागले. महिनाअखेरीस ‘स्टीम’ या संगणकावरील गेमच्या बड्या ऑनलाइन दुकानात आणखी एक ‘हेलडायव्हर्स २’ दिसू लागला. नाव तेच, चित्र तेच, निर्माता म्हणून ‘अ‍ॅरोहेड गेम स्टुडिओज’ हे नावही तेच. फक्त गेम तो नव्हता. दुकानात आधीच मंजूर होऊन बसलेल्या एका भलत्याच गेमचे नाव आणि चित्रे बदलून त्याला हा मुखवटा चढवला होता. त्याच सुमारास गाजत असलेल्या ‘पालवर्ल्ड’च्या नावानेही असेच बनावट पान उघडले गेले.

स्टीम चालवणाऱ्या ‘व्हॉल्व्ह’ कंपनीने ही पाने हटवली. प्रश्न मात्र उरलाच. एवढे मोठे दुकान एकाच नावाच्या दोन वस्तू शेजारीशेजारी मांडू देतेच कसे? याचे उत्तर थोडे विचित्र आहे. दुकानाच्या संगणकाला त्यात काही वावगे दिसतच नाही. त्याच्या हिशेबात नावाला स्थानच नाही.

नाव दाखवायचे एक, ओळखायचे दुसरे

बँकेच्या एका शाखेत संजय पाटील नावाचे दहा खातेदार असू शकतात. बँकेचा गोंधळ होत नाही, कारण तिचा व्यवहार खाते क्रमांकाशी चालतो. ऑनलाइन दुकानांचेही तसेच. स्टीमवर प्रत्येक गेमला एक कायमचा क्रमांक मिळतो. ‘काउंटर-स्ट्राइक २’चा ७३०, ‘डोटा २’चा ५७०. २००६ साली आलेल्या ‘प्रे’ या गेमचा ३९७० आणि २०१७ साली आलेल्या, त्याच नावाच्या दुसऱ्या गेमचा ४८०४९०. खऱ्या ‘हेलडायव्हर्स २’चा क्रमांक ५५३८५०. तोतयाने नाव उचलले, चित्र उचलले, पण हा क्रमांक त्याला उचलता येणे शक्यच नव्हते.

अँड्रॉइड फोनवरच्या गुगल प्ले स्टोअरमध्ये क्रमांकाऐवजी ‘पॅकेज नेम’ असते. नवी मुंबईच्या ‘गेमेशन टेक्नॉलॉजीज’ने बनवलेल्या ‘लुडो किंग’चे पॅकेज नेम ‘कॉम.लुडो.किंग’ असे आहे. ते जगात एकदाच वापरता येते आणि एकदा दिले की बदलता येत नाही. आयकॉनखाली दिसणारे नाव मात्र बनवणाऱ्याच्या मर्जीचे. ते ३० अक्षरांत बसले पाहिजे ही अट आहे. ते दुसऱ्या कुणाचे नसावे, अशी अट तिथे नाही.

अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरचा नियम जरा कडक आहे. तिथे दोन अ‍ॅपना हुबेहूब एकच नाव मिळत नाही. पण नियम अक्षराला धरून चालतो. शेवटी एक उद्गारचिन्ह, मध्ये आडवी रेघ, पुढे ‘थ्रीडी’ किंवा ‘प्रो’ अशी शेपटी जोडली की नाव वेगळे ठरते. संगणकाला ते वेगळे दिसते. बसच्या गर्दीत एका हाताने फोन चालवणाऱ्या माणसाला दिसत नाही.

थोडक्यात, कोणता गेम कोणता हे दुकानाला प्रत्येक क्षणी पक्के ठाऊक असते. ती माहिती गिऱ्हाइकासमोर ठळकपणे येत नाही. स्टीमचा क्रमांक वेबपानाच्या पत्त्यात दडलेला असतो आणि फोनच्या अ‍ॅपमध्ये तो पत्ता सहसा समोर दिसतही नाही.

सगळेच चोर नसतात

जानेवारी २०२२ मधला ‘वर्डल’चा किस्सा या बाबतीत बोलका आहे. जॉश वॉर्डल यांनी बनवलेला रोज एक शब्द ओळखण्याचा हा खेळ तेव्हा फक्त वेबसाइटवर होता, त्याचे अ‍ॅपच नव्हते. तरी लोक अ‍ॅप स्टोअरमध्ये जाऊन ‘वर्डल’ शोधू लागले. तिथे त्यांना तशाच खेळाच्या नकला सापडल्या आणि गाजावाजा झाल्यावर अ‍ॅपलने त्या काढूनही टाकल्या.

पण तिथे आणखी एक ‘वर्डल!’ होता, उद्गारचिन्हासह. तो स्टीव्हन क्रावोटा या तरुणाने सुमारे पाच वर्षांपूर्वी, किशोरवयात असताना बनवला होता. शब्दांचाच खेळ, पण वेगळा. कुणी विचारत नसलेला हा गेम एका आठवड्यात सुमारे दोन लाख लोकांनी उतरवून घेतला. त्यातल्या बहुतेकांना हवा होता तो हा नव्हेच. क्रावोटा यांनी वॉर्डल यांच्याशी संपर्क साधला आणि या अपघाती कमाईची रक्कम ओकलंडमधल्या मुलांना शिकवणाऱ्या एका संस्थेला द्यायचे जाहीर केले. त्याच महिन्याच्या शेवटी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मूळ वर्डल विकत घेतला.

क्रावोटा यांची यात काहीच चूक नव्हती. नाव त्यांनी आधी घेतले होते. तरी लाखो माणसे चुकीच्या दारात गेली. नाव सारखे असणे आणि फसवणूक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात घ्यायला हवे. कारण ‘सारखी नावे बंद करा’ हा उपाय सुचवणे फार सोपे आहे आणि तो निरपराधांनाच आधी लागतो.

बुद्रुक आणि खुर्द

महाराष्ट्रात एकाच नावाची दोन गावे जवळजवळ असली की थोरल्याला बुद्रुक आणि धाकट्याला खुर्द म्हणतात. फारसीतून आलेल्या या दोन शब्दांनी टपालापासून सातबाऱ्यापर्यंत कितीतरी घोटाळे टाळले आहेत. बड्या गेम कंपन्यांनी नेमके उलटे केले. त्यांनी बुद्रुक-खुर्द पुसून टाकले.

‘डूम’ १९९३ चा आणि ‘डूम’ २०१६ चा. ‘टूम रेडर’ १९९६ चा आणि २०१३ चा. ‘गॉड ऑफ वॉर’ २००५ चा आणि २०१८ चा. प्रत्येक जोडीत नाव तेच. कंपन्यांचा हिशेब कळण्यासारखा आहे. नावापुढे ‘७’ लिहिले की नवा खेळाडू बिचकतो. आधीचे सहा खेळलो नाही तर हा कळेल का, असे त्याला वाटते. आकडा गाळला की जुन्या नावाची पुण्याई मिळते आणि पाटी कोरी राहते.

‘प्रे’च्या बाबतीत तर तेवढेही नाते नव्हते. २००६ चा ‘प्रे’ ह्यूमन हेड स्टुडिओज या कंपनीने केला, त्याचा नायक चेरोकी जमातीतला तरुण. २०१७ चा ‘प्रे’ आर्केन स्टुडिओजचा, एका अंतराळस्थानकावर घडणारा. कथा वेगळी, पात्रे वेगळी, बनवणारे वेगळे. नावाची मालकी तेवढी एका कंपनीकडे होती म्हणून ते चिकटवले गेले. हे नाव आपल्याला नको होते, असे नव्या गेमचे दिग्दर्शक राफाएल कोलान्टोनियो यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. गंमत अशी की, त्याच कंपनीने ‘प्रे फॉर द गॉड्स’ या छोट्या स्टुडिओच्या गेमच्या नावाला मात्र हरकत घेतली. इंग्रजी स्पेलिंग जुळते एवढ्यावरून छोट्या स्टुडिओला नावात एक जादा अक्षर घुसवून वाद मिटवावा लागला.

सर्वांत मोठा गुंता ‘कॉल ऑफ ड्यूटी’चा. ‘मॉडर्न वॉरफेअर २’ आला २००९ मध्ये. ‘मॉडर्न वॉरफेअर’ हे नाव नव्याने २०१९ मध्ये आले आणि २०२२ मध्ये पुन्हा ‘मॉडर्न वॉरफेअर २’. या वेळी दोनाचा आकडा रोमन. पाठोपाठ २०११ चा ‘३’ आणि २०२३ चा रोमन ‘३’. मध्ये २०२० साली जुन्या दोनच्या निम्म्या भागाची नवी आवृत्तीही येऊन गेली. बोलताना हे सगळे ‘मॉडर्न वॉरफेअर टू’च. दोन मित्रांनी ठरवून तो घ्यावा आणि एकाने २००९ चा, दुसऱ्याने २०२२ चा घ्यावा, हे सहज होऊ शकते. मग दोघांना एकत्र खेळता येत नाही. जुना गेम साध्या लॅपटॉपवर चालतो. नव्याला शंभर जीबीहून अधिक जागा लागते. रोजचा दीड-दोन जीबीचा डेटा पॅक मारणाऱ्याला चूक कळेपर्यंत किती दिवस जातील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. स्टीम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास पैसे परत करते. डेटा कुणी परत करत नाही.

चित्रपटांतही असे होते, मग तिथे का अडत नाही? ‘डॉन’ १९७८ चा आणि २००६ चा. लोक ‘जुना डॉन’, ‘शाहरुखचा डॉन’ म्हणतात आणि विषय संपतो. शिवाय थिएटरच्या खिडकीवर दोन्ही डॉनची तिकिटे एकाच वेळी मिळत नव्हती. गेमच्या सीडी-डीव्हीडीच्या काळातही नवा येईपर्यंत जुना फळीवरून गेलेला असे. ऑनलाइन दुकानाची फळी रिकामी होत नाही. तिथे तीस वर्षांपूर्वीचा आणि कालचा माल एकाच रांगेत, एकाच आकाराच्या चित्रात उभा असतो. नाव पुन्हा वापरण्याची सवय जुनी आहे; फळी न संपण्याची सोय नवी. घोळ या दोघांच्या भेटीतून झाला आहे.

आदेशातही पाटीवरचेच नाव

भारतीय खेळाडूंना या घोळाचा एक वेगळाच अनुभव आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. त्या यादीत ‘पबजी मोबाइल’ नुसत्या नावाने नव्हता. यादीतले नाव होते ‘पबजी मोबाइल नॉर्डिक मॅप : लिविक’. लिविक हा त्या सुमारास गेममध्ये आलेला एक नवा नकाशा. कंपनीने जाहिरातीसाठी दुकानातल्या पाटीवर तो लटकवला होता, तोच सरकारी यादीत उतरला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ५४ अ‍ॅपवर बंदी आली तेव्हाही तेच. यादीत ‘गरेना फ्री फायर – इल्युमिनेट’ असे नाव होते. ‘इल्युमिनेट’ हीसुद्धा तशीच हंगामी शेपटी.

त्याच कंपनीचा, त्याच खेळाचा थोडा देखणा अवतार ‘फ्री फायर मॅक्स’ सप्टेंबर २०२१ पासून दुकानात होता. तो यादीत नव्हता. ‘फ्री फायर’ गेला आणि प्ले स्टोअरवर ‘फ्री फायर मॅक्स’ राहिला. गावोगावच्या मुलांना पडलेला प्रश्न अगदी रास्त होता : हा तोच का? याच्यावर बंदी आहे की नाही? जुन्या खात्यात घातलेले पैसे यात दिसतील का? ऑगस्ट २०२३ मध्ये ‘फ्री फायर इंडिया’ची घोषणा झाली, महेंद्रसिंह धोनीचा चेहरा पुढे करून ५ सप्टेंबर ही तारीख दिली गेली आणि ऐनवेळी ती पुढे ढकलली गेली. नाव सगळ्यांच्या तोंडी, वस्तू दुकानात नाही. तोतयांना याहून सोयीची परिस्थिती कोणती?

पबजीचेही असेच. बंदीनंतर ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये दुकानातून गेला, मे २०२३ मध्ये परतला. मधल्या काळात ‘पबजी : न्यू स्टेट’ नावाचा आणखी एक गेम आला. गेम दुकानातून गायब झाला की मुले तो सोडून देत नाहीत. कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून ‘एपीके’ फाइल घेतात आणि फोनचा ‘अनोळखी अ‍ॅपला परवानगी’ हा दरवाजा उघडतात. अशा फाइलचे नाव आणि आयकॉन काहीही असू शकते. त्यात गेम असेल, किंवा गेमबरोबर आणखी काही असेल.

‘लुडो’ची गोष्ट निराळी. हा शब्दच सार्वजनिक आहे, तो कुणा एकाचा होऊ शकत नाही. त्यामुळे प्ले स्टोअरमध्ये ‘लुडो’ टाकले की किंग, स्टार, क्लब, सुप्रीम अशी जत्रा भरते. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. तोपर्यंत काही लुडो घरगुती होते, तर काही पैशांचे. मुलाच्या फोनवर ‘लुडो’ दिसला म्हणून निर्धास्त राहिलेल्या आई-वडिलांना दोन्हींतला फरक आयकॉनवरून कळण्याची सोय नव्हती.

कायदा कुठे उभा आहे?

नावावर कॉपीराइट मिळत नाही. भारतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ‘देसी बॉइज’ चित्रपटाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्याच शीर्षकाची आपली कथाकल्पना आधीची असल्याचा एका लेखकाचा दावा होता. नुसते शीर्षक ही कॉपीराइटने राखलेली कृती ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

उरतो ट्रेडमार्क. तो नोंदवता येतो, पण देशोदेशी वेगळा नोंदवावा लागतो, पैसे लागतात आणि भांडायला वकील लागतो. एकट्याने गेम बनवणाऱ्याकडे यातले काही नसते. ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ २०२२ मध्ये गाजला तेव्हा मोबाइलवर त्याच्या नकलांचे पेव फुटले. खरा गेम मोबाइलवर डिसेंबरमध्ये आला आणि नकलांमुळेच घाई करावी लागल्याचे त्याच्या निर्मात्यांनी सांगितले. न्यायालयापेक्षा त्यांना ते स्वस्त पडले असणार.

ट्रेडमार्क जास्त ताकदवान झाला तर काय होते, याचीही उदाहरणे आहेत. ‘कँडी क्रश’च्या ‘किंग’ कंपनीने ‘कँडी’ या साध्या शब्दावरच हक्क सांगितला होता. त्याविरुद्ध उभे राहिलेले अल्बर्ट रॅन्सम यांचा ‘कँडीस्वाइप’ २०१० चा, म्हणजे ‘कँडी क्रश सागा’च्याही आधीचा. २०१४ मध्ये ओरड झाली, किंगने अमेरिकेतला ‘कँडी’चा अर्ज मागे घेतला आणि रॅन्सम यांच्याशी समझोता केला. त्याआधी २००९ मध्ये ‘एज’ हा फ्रान्समधल्या छोट्या स्टुडिओचा नावाजलेला आयफोन गेम अ‍ॅप स्टोअरमधून उतरवावा लागला होता. कारण टिम लँगडेल या गृहस्थांनी ‘एज’ शब्दावर मालकी सांगितली. पुढे अमेरिकेत त्यांचे हे ट्रेडमार्क रद्द झाले. पण मधल्या काळात विक्री बुडाली ती छोट्या स्टुडिओची.

म्हणून ‘आधी आला त्याचे नाव, बाकीच्यांनी बदला’ हा नियम न्याय्य वाटला तरी व्यवहारात तो ज्याच्याकडे वकील जास्त त्याच्या बाजूने झुकतो. मुंबईतल्या चित्रपट निर्मात्यांच्या संघटना सभासदांची शीर्षके नोंदवून ठेवतात, तशी एखादी नोंदवही गेमसाठी करा, असेही सुचवले जाते. पण मुंबईतला निर्माता संघटनेच्या कार्यालयात जाऊ शकतो. जगभर घरबसल्या गेम बनवणाऱ्या लाखो लोकांची नोंदवही कोण ठेवणार आणि कुणाचा शब्द अखेरचा मानणार?

पहिली ओळ कुणाची?

आता पैशाकडे येऊ. अ‍ॅप स्टोअरच्या शोधात जाहिरात दाखवायला अ‍ॅपलने २०१६ मध्ये सुरुवात केली. प्ले स्टोअरवरही ‘प्रायोजित’ निकाल दिसतात. एखाद्या गेमचे नेमके नाव टाइप केले तरी वरच्या जागी प्रतिस्पर्ध्याचा मिळताजुळता गेम येऊ शकतो, कारण ती जागा विकत मिळते. ‘प्रायोजित’ हा शब्द असतो, बारीक अक्षरात.

पुण्यातल्या जुन्या दुकानांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी असते. त्या पाटीची लोक थट्टा करतात, पण तिचे काम चोख आहे. गिऱ्हाइकाने शेजारच्या सारख्या नावाच्या दुकानात शिरू नये म्हणून ती लावलेली असते. ऑनलाइन बाजारात गेम बनवणाऱ्याला अशी पाटी लावायची झाली, तर आपल्याच नावाच्या शोधावर जाहिरातीचे पैसे भरावे लागतात. नाही भरले तर दुसरा भरतो. म्हणजे सारख्या नावांचा गोंधळ जितका जास्त, तितकी पहिल्या ओळीची किंमत वाढते. दुकानदार हा गोंधळ मुद्दाम घडवतो असा आरोप करायची गरज नाही. तो मिटवण्याची घाई त्याला का नाही, हे मात्र यातून समजते.

भारताच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यात १३ प्रकार आहेत आणि जाहिरात जाहिरातीसारखी न दाखवणे हा त्यातला एक. नेमक्या नावाच्या शोधावर वर बसलेला, तसाच आयकॉन असलेला प्रायोजित गेम यात बसतो का, हे प्राधिकरणाने तपासायला हरकत नाही. कारण इथे बहुतेकदा बटण दाबणारा दहा-बारा वर्षांचा असतो आणि पैसे भरणारा दुसऱ्या खोलीत.

चार आकडे पुरतात

उपाय दुकानांच्या हातात आहे आणि तो अवघड नाही. याचा पुरावा स्टीमवरच आहे. जुन्या ‘मॉडर्न वॉरफेअर २’च्या नावापुढे तिथे कंसात २००९ लिहिलेले असते. ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट’ २००४ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये आला; जुन्याला तिथे ‘क्लासिक, २००४’ अशी जोड आहे. ‘रेसिडेंट एव्हिल ४’चा २००५ चा आणि २०२३ चा अवतार असाच वेगळा केलेला आहे. पण हे सगळे प्रकाशक कंपनीच्या मर्जीने होते आणि बहुधा जुन्यालाच कंस मिळतो. नवा मात्र कोरे नाव मिरवतो.

हे मर्जीवर कशाला ठेवायचे? सालाची आणि निर्मात्याची नोंद दुकानाकडे असतेच. शोधाच्या यादीत, खरेदीच्या बटणाजवळ आणि पावतीवर गेमच्या नावाला लागूनच साल आणि निर्माता आपोआप छापले जावेत. एकच नाव दोनदा असेल तर ‘या नावाचा आणखी एक गेम आहे’ अशी एक ओळ खरेदीआधी दिसावी. एखाद्या गेमने मंजुरीनंतर नाव आणि निर्माता दोन्ही बदलले, तर ते पान माणसाने तपासल्याशिवाय विक्रीला जाऊ नये. ‘हेलडायव्हर्स’चा तोतया याच फटीतून आत आला होता. आणि कुणी नेमके नाव टाइप केले असेल, तर पहिल्या ओळीत त्या नावाचाच गेम यावा, जाहिरात त्याच्या खाली. यातली शेवटची मागणी दुकानदारांना सर्वांत जड जाईल. पहिल्या दोन तर एखाद्या नवख्या अभियंत्यालाही जमाव्यात इतक्या साध्या आहेत.

तोपर्यंत फोन हातात असलेल्यांनी काय करावे? प्ले स्टोअरवर गेमच्या पानावरून ‘शेअर’ दाबून लिंक काढावी आणि तिच्यात ‘आयडी’नंतर काय लिहिले आहे ते वाचावे, निर्मात्याच्या स्वतःच्या वेबसाइटवरून जाणारी लिंक तीच आहे का, हे पडताळून बघावे. निर्मात्याच्या नावावर टॅप केले की त्याचे बाकीचे गेम दिसतात. नावाजलेल्या कंपनीच्या खात्यात एकच गेम आणि तोही गेल्या महिन्यातला असेल, तर हात आखडता घ्यावा. मित्राला गेम सुचवताना नाव न सांगता लिंक पाठवावी. मुलांच्या फोनवर खरेदीला पासवर्ड लावावा.

चुकीचा गेम घेतलाच गेला, तर प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी करता येते. त्यानंतर गेम बनवणाऱ्याच्या दारात जावे लागते, आणि तो तोतया असेल तर ते दार उघडत नाही. दुकानाने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बाहेरच्या लिंकवरून घेतलेल्या फाइलमुळे खात्यातून पैसे गेले असतील, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. तक्रार करताना गेमचे नुसते नाव सांगू नये. पावतीचा स्क्रीनशॉट, निर्मात्याचे नाव आणि ती लिंक, तिन्ही जवळ ठेवावे.